ग्राफिक्स कार्ड आणि ग्राफिक डिझाइन : नुसते आडनावबंधू

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

डिजिटल चित्रकाम किंवा डिझाइनसाठी कॉम्प्युटर घ्यायचा ठरला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘ग्राफिक्स कार्ड कुठलं टाकायचं?’ नावातच ग्राफिक्स आहे म्हटल्यावर प्रश्न रास्त वाटतो. प्रत्यक्षात ग्राफिक्स कार्ड आणि ग्राफिक डिझाइन हे नुसते आडनावबंधू आहेत, नातं वाटतं तितकं सख्खं नाही. बजेटचा मोठा घास कार्ड खातं, रॅम, म्हणजे चालू काम धरून ठेवणारी मेमरी, उरल्यासुरल्या पैशांत बसवली जाते, स्क्रीन तर जो मिळेल तो. मग तक्रारी सुरू होतात : ब्रश अडखळतो, छापून आलेलं काळपट दिसतं, फाइल सेव्ह करताना मशीन हँग होतं. यातल्या एकाही तक्रारीचं औषध सहसा कार्डात नसतं. खरेदीचं मार्गदर्शन वर्तमानपत्रांत वरचेवर छापून येतं आणि त्यात हाच घोळ दिसतो, म्हणून हे पत्र जरा सविस्तर.

आधी ब्रशचा एक साधा फटकारा घेऊ. पेन टेकवून रेघ ओढली की पडद्यावर ती सलग दिसते, पण आत सलग असं काही नसतं. ब्रशच्या टोकाचे ठसे एकापुढे एक, एकमेकांवर चढत उमटत जातात. १०० पिक्सेल व्यासाच्या गोल ब्रशचा एक ठसा म्हणजे सुमारे ७,८५० पिक्सेल. व्यास १,००० केला की एका ठशात सुमारे ७ लाख ८५ हजार पिक्सेल येतात. आकार दहापट, काम शंभरपट. दोन ठशांमधलं अंतर, म्हणजे स्पेसिंग, व्यासाच्या टक्क्यांत मोजलं जातं, त्यामुळे मोठ्या ब्रशला तेवढ्याच लांबीत ठसे दहापट कमी लागतात. तरी एकूण बोजा दहापट उरतोच. आता स्पेसिंग १० टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणलं तर त्याच्याही पाचपट. फोटोशॉप, क्रिता यांसारख्या चित्रकामाच्या प्रोग्रॅममध्ये ठशांचं हे गणित मुख्यतः प्रोसेसर करतो. कार्डाच्या वाट्याला तयार चित्र पडद्यावर मांडणं, झूम करणं, कॅनव्हास फिरवणं आणि काही निवडक फिल्टर एवढंच येतं. ब्रशसुद्धा ग्राफिक्स चिपवर चालवणारी ॲप आहेत, पण ज्यांचा मोठा ब्रश अडखळतो त्यांनी नवं कार्ड घेण्याआधी स्पेसिंग २ वरून ६-७ टक्क्यांवर नेऊन पाहावं. मऊ कडेच्या ब्रशमध्ये फरक डोळ्याला जाणवतही नाही, आणि हात मात्र मोकळा होतो.

रेघ पेनाच्या मागे रेंगाळते ही तक्रार निराळी. तिथे आधी स्मूदिंग किंवा स्टॅबिलायझर किती टक्क्यांवर आहे ते बघायचं. हाताची थरथर झाकण्यासाठी ही सोय रेघेला मुद्दाम मागे ठेवते. ती ७०-८० टक्क्यांवर असेल तर जगातलं सर्वांत महागडं मशीनही रेंगाळणारच. ती शून्यावर आणूनही रेघ मागेच राहिली, तरच हार्डवेअरकडे वळायचं. तसंच दर १० मिनिटांनी एकदा, घड्याळ लावल्यासारखा झटका बसत असेल, तर तो बिघाड नव्हे. फोटोशॉपची आपोआप जपून ठेवण्याची वेळ मुळात १० मिनिटांवरच असते. मोठ्या फाइलवर ती ३० मिनिटांवर नेता येते, फक्त मग स्वतः सेव्ह मारण्याची सवय हवी.

प्रोसेसरबद्दल थोडक्यात. जाहिरातीत कोर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, मोजून दाखवतात. रेखाटन, फोटोवरचं काम, इलस्ट्रेटरमधली वेक्टर (बिंदू आणि रेघांच्या गणितातून बनणारी) चित्रं यांत बऱ्याच क्रिया एकामागोमाग एक होतात, त्या एकाच कोरच्या वेगावर चालतात. हजारो अँकर पॉइंट (असे बिंदू) असलेली वेक्टर फाइल हलवताना १६ कोरांपैकी एक घामाघूम आणि बाकीचे पारावर बसलेले, हे दृश्य नेहमीचं आहे. कोरांची संख्या कामाला येते ती व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना, प्रोसेसरवर रेंडर करताना (त्रिमिती दृश्याचं अंतिम चित्र काढताना), आणि एका वेळी तीन-चार जड प्रोग्रॅम उघडे ठेवणाऱ्यांना.

खरी गोष्ट रॅमची आहे आणि तिचा हिशेब कागदावर मांडता येतो. ए३ आकाराचा कागद ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३,५०८ गुणिले ४,९६१ पिक्सेल, म्हणजे सुमारे १ कोटी ७४ लाख पिक्सेल. लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता अशा चार वाहिन्या, प्रत्येकी १ बाइट धरला तर पूर्ण भरलेला एक लेअर, म्हणजे चित्राचा एक थर, जवळपास ७० एमबी. असे ३० लेअर म्हणजे २ जीबीच्या थोडं वर. हीच फाइल १६ बिटमध्ये, म्हणजे वाहिनीला २ बाइटवर, नेली की दुप्पट. ३०० डीपीआयऐवजी ६०० घेतलं की चौपट, कारण लांबी आणि रुंदी दोन्ही दुप्पट होतात. ८ बिटमध्येसुद्धा ८ जीबी ओलांडली. लेअरचा रिकामा भाग बहुतेक प्रोग्रॅम साठवत नाहीत, त्यामुळे चार रेघांचा लेअर हलका आणि पूर्ण रंगवलेली पार्श्वभूमी जड, एवढी सूट त्यात आहे. पण उलट बाजूला अनडूचा भार असतो. फोटोशॉप मुळात ५० पायऱ्या मागे जाऊ देतं. लहान फटकारा मारला तर बदललेला तुकडाच जपला जातो, पण अख्ख्या लेअरवर फिल्टर चालवला की त्या एका पायरीत अख्खा लेअर पुन्हा जपावा लागतो. ऑपरेटिंग सिस्टिम, ब्राउझरमधले संदर्भासाठी उघडलेले वीस टॅब, गाणी, हे सगळं त्याच रॅममध्ये राहतं. शिवाय फोटोशॉप मोकळ्या रॅमपैकी सुमारे ७० टक्केच मुळात स्वतःकडे घेतं. म्हणून ८ जीबीवर वेबसाठीची लहान चित्रं निभतात, छपाईचं काम १६ जीबीवर सुरळीत चालतं, आणि ६०० डीपीआय, १६ बिट किंवा खूप लेअर ही रोजची सवय असेल तर ३२ जीबी ही चैन नव्हे.

रॅम घेताना दोन बारकावे. १६ जीबीची एक पट्टी आणि ८-८ च्या दोन पट्ट्या यांत दोन पट्ट्यांना माहिती नेण्याआणण्याचा रस्ता दुपदरी मिळतो. वेगळं कार्ड नसलेल्या मशीनमध्ये हा फरक चांगलाच जाणवतो, कारण आतली ग्राफिक्स चिप स्वतःची मेमरी नसल्याने हीच रॅम उसनी वापरते. दुसरं म्हणजे पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर डाग देऊन कायमची बसवलेली असते. ॲपलच्या एम मालिकेच्या मॅकमध्ये, म्हणजे २०२० मध्ये एम१ आला तेव्हापासून, ती चिपच्याच पाकिटात असते आणि प्रोसेसर व ग्राफिक्स दोघांत वाटली जाते. तिथे ‘नंतर वाढवू’ हा पर्यायच नाही.

रॅम संपली की काम थांबत नाही, ते डिस्कवर सांडायला लागतं. फोटोशॉप याला स्क्रॅच डिस्क म्हणतं. हे होतंय का ते ओळखायला प्रोग्रॅमच मदत करतो : खिडकीच्या तळाशी डावीकडे फाइलचा आकार दिसतो, त्याच्या बाजूच्या बाणावर क्लिक करून ‘एफिशियन्सी’ निवडायचं. आकडा १०० टक्के असेल तर सगळं रॅममध्ये बसलंय. तो वरचेवर ९० च्या खाली घसरत असेल तर काम डिस्कवर चाललंय, आणि अशा मशीनला रॅमची पट्टी जितकी लागू पडेल तितकं दुसरं काहीच लागू पडणार नाही. तोवरचा उतारा म्हणजे अनडूच्या पायऱ्या २० वर आणणं आणि पक्के झालेले लेअर एकत्र करणं (मूळ फाइलची प्रत ठेवूनच). ‘स्क्रॅच डिस्क भरली’ असा निरोप येतो तेव्हा मात्र दोष रॅमच्या नावे न लिहिता मोकळी जागा बघावी. बहुतेकदा सी ड्राइव्हवर दहाबारा जीबीच उरलेली असते.

डिस्कचे आकडे तर जाहिरातीत ठळकच असतात. फिरती हार्ड डिस्क सेकंदाला १०० ते २०० एमबी, साटा एसएसडी (न फिरणारी, चिपवरची डिस्क) साधारण ५५० एमबी, एनव्हीएमई (अधिक वेगवान जोडणीची एसएसडी) ३,५०० ते ७,००० एमबी. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येणं म्हणजे बैलगाडीतून रेल्वेत बसणं. साध्या एसएसडीवरून महागड्या एनव्हीएमईवर जाणं चित्रकाराला तेवढं जाणवत नाही, कारण मोठी पीएसडी (फोटोशॉपची फाइल) सेव्ह करताना वेळ लिहिण्यात जातो त्याहून जास्त फाइल दाबून लहान करण्यात जातो, आणि ते काम प्रोसेसरचं. फोटोशॉपच्या फाइल हँडलिंगच्या सेटिंगमध्ये पीएसडी व पीएसबीचं (मोठ्या फाइलसाठीचा प्रकार) कॉम्प्रेशन बंद करण्याची खूण आहे. ती केली की सेव्ह झपाट्याने होतं, फाइल मात्र फुगते. पीएसडीची हद्द २ जीबी आणि प्रत्येक बाजूला ३०,००० पिक्सेल, हेही इथेच सांगून ठेवतो. मोठ्या फलकाचं काम असेल तर पहिल्या दिवसापासून पीएसबीत करावं. एसएसडी काठोकाठ भरू नये, १५-२० टक्के मोकळी ठेवावी. स्वस्त एसएसडीचा छापील वेग हा तिच्यातल्या छोट्या वेगवान कप्प्याचा असतो. तो भरला की वेग कितीतरी पटींनी कोसळतो, आणि डिस्क जितकी भरलेली तितका तो कप्पा लहान. पेनड्राइव्हवरची फाइल थेट उघडून त्यावरच काम करणं तर टाळावंच. सेव्ह चालू असताना जोडणी हलली की फाइल अर्धवट लिहिली जाते, आणि अर्धवट पीएसडी उघडली तर उघडली.

मग कार्ड कुणाला हवं? त्रिमिती, ॲनिमेशन, व्हिडिओ आणि अलीकडची एआयवर चालणारी साधनं वापरणाऱ्यांना हवंच. ब्लेंडर या त्रिमिती प्रोग्रॅममध्ये त्याच्या सायकल्स या इंजिनने रेंडर करताना चांगलं कार्ड प्रोसेसरला कितीतरी मागे टाकतं. पण तिथेही नावापेक्षा कार्डावरची मेमरी आधी बघायची. ४,०९६ पिक्सेलचं चौरस टेक्श्चर (वस्तूवर चढवायचं चित्र) चार वाहिन्यांत ६७ एमबी होतं. एका वस्तूला रंग, खडबडीतपणा, नॉर्मल आणि डिस्प्लेसमेंट (दोन्ही उंचसखलपणाचे) असे चार नकाशे धरले तर २६८ एमबी, आणि अशा २० वस्तू म्हणजे ५.४ जीबी. ६ जीबीच्या कार्डावर विंडोज आणि दोन मॉनिटर आपला वाटा आधीच घेऊन बसलेले असतात, त्यामुळे हे दृश्य मावत नाही. मग एक तर मेमरी संपल्याचा निरोप येतो, नाहीतर रॅम उसनी घेऊन काम कासवगतीने चालतं. दोन पिढ्या जुनं पण १२ जीबीचं कार्ड अशा वेळी नव्या ८ जीबीच्या कार्डाला भारी पडतं. पैसे नसतील तर मागच्या रांगेतल्या वस्तूंची टेक्श्चर २,०४८ वर आणावीत. मेमरी चौथाई होते. ब्लेंडरच्या रेंडर सेटिंगमधल्या ‘सिम्प्लिफाय’मध्ये ही मर्यादा एका फटक्यात घालता येते.

लॅपटॉपच्या बाबतीत तर कार्डाचं नाव वाचून काहीच कळत नाही. ‘आरटीएक्स ४०६०’ हे लॅपटॉपचं कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठल्याही मर्यादेत बसवता येतं. डब्यावर नाव तेच, काम वेगळं. शिवाय उष्णता. पातळ लॅपटॉप पहिल्या मिनिटाला झकास धावतो, दहाव्या मिनिटाला चिप ९५ अंशांच्या घरात जाते आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. दुकानात दाखवतात ते पहिलं मिनिट. चार्जर काढल्यावर वेग पडतो तो वेगळाच. मागची बाजू दोन-तीन सेंटीमीटर उचलून ठेवणं, वर्षातून एकदा पंख्यातली धूळ काढणं आणि गादीवर ठेवून रेंडर न लावणं, हे उपाय फुकटातले आहेत आणि लागू पडतात.

आता स्क्रीन. हे पत्र लिहिण्याचं खरं कारण हेच आहे. कार्ड कमी पडलं तर काम उशिरा होतं, स्क्रीन कमी पडला तर काम चुकतं, आणि चुकलंय हे काम करणाऱ्याला कळतच नाही.

स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रात बारीक अक्षरात ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं असतं. एनटीएससी हे पडदा किती रंग दाखवतो याचं जुनं माप. वेबवरच्या आणि बऱ्याचशा रोजच्या कामाचं माप एसआरजीबी आहे. त्या मापात हा पडदा साधारण ६० ते ६५ टक्केच रंग दाखवतो. म्हणजे होतं काय? शुद्ध लाल, २५५-०-०, विटकरीकडे झुकतो. गर्द हिरवा मळकट दिसतो. डिझायनर म्हणतो, रंग बसका वाटतोय, आणि सॅच्युरेशन, म्हणजे रंगाची तीव्रता, वाढवतो. त्याच्या पडद्यावर ते आता बरोबर दिसतं. ग्राहकाच्या चांगल्या मोबाइलवर तेच चित्र डोळ्यात खुपतं, चेहऱ्यांना ताप आल्यासारखा लालपणा येतो. दोघेही आपापल्या डोळ्यांशी प्रामाणिक आणि भांडण मात्र पक्कं. खरेदीत ‘९५ ते १०० टक्के एसआरजीबी व्याप्ती’ हे शब्द शोधावेत. ‘७२ टक्के एनटीएससी’ हेही क्षेत्रफळाने जवळपास तेवढंच भरतं. ‘१२५ टक्के एसआरजीबी’ असं लिहिलेलं असेल तर ते क्षेत्रफळ आहे; त्यात एसआरजीबीचे सगळे रंग येतातच असं नाही, व्याप्तीचा आकडा वेगळा विचारावा. पॅनेल आयपीएस प्रकारचं असावं. टीएन पॅनेलवर मान चार बोटं खाली-वर केली की तीच छटा बदलते. अशा पडद्यावर त्वचेच्या छटा जुळवणं म्हणजे वाळूवर रेघ मारणं.

उलट चूकही होते. हौसेने रुंद रंगक्षेत्राचा, म्हणजे ॲडोबी आरजीबी किंवा पी३ चा मॉनिटर घेतला जातो, आणि रंगाची माहिती न पाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सगळंच भडक दिसू लागतं. अशा मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत एसआरजीबी नावाचा मोड असतो. वेबचं काम त्या मोडमध्ये करावं, छपाईच्या कामासाठी रुंद मोड आणि योग्य प्रोफाइल (रंग कसे दाखवायचे याची नोंद असलेली फाइल).

छापील प्रत काळपट येते, तिचं कारण शंभरात नव्वद वेळा छापखान्यात नसतं, मॉनिटरच्या ब्राइटनेसमध्ये असतं. (हा आकडा मोजलेला नाही, बोलण्याची रीत आहे.) नवा मॉनिटर डब्यातून निघतो तो २५० ते ३५० निट्सच्या उजेडावर. छपाईसाठी काम करताना ८० ते १२० निट्स पुरतात. तिप्पट उजेडात चित्र बघितलं की सावल्यांतला तपशील लख्ख दिसतो, म्हणून चित्र गडदच ठेवलं जातं. कागदाला मात्र स्वतःचा उजेड नसतो. उपकरण नसेल तर असं करावं. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवावा. नाइट लाइट, आपोआप ब्राइटनेस आणि ‘व्हिव्हिड’सारखे मोड बंद करावेत. पडद्यावर कोरी पांढरी फाइल उघडावी आणि शेजारी, खोलीतल्या नेहमीच्या उजेडात, कोरा पांढरा कागद धरावा. पडदा दिव्यासारखा भासत असेल तर तो कागदासारखा वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवावा. बहुतेक मॉनिटर २५ ते ४० च्या दरम्यान कुठेतरी थांबतात. पहिले दोन दिवस सगळं मिणमिणतं वाटेल, डोळा मग सरावतो.

याहून नेमकं हवं असेल तर कलरीमीटर नावाचं छोटं यंत्र पडद्याला टेकवून कॅलिब्रेशन करायचं : पांढरा डी६५ (दिवसाच्या उजेडासारखा), गॅमा २.२ (मधल्या छटांचा उजळपणा), उजेड वर सांगितलेला. चारपाच जण मिळून एक यंत्र घेतलं तरी भागतं, कारण ते महिन्यातून एकदाच लागतं. दोन मॉनिटर असतील तर दोघांचं प्रोफाइल वेगळं. कॅलिब्रेशनने पडदा खरं बोलायला लागतो, पण जे रंग त्याच्याकडे मुळातच नाहीत ते त्यातून येत नाहीत. ४५ टक्क्यांचा पडदा कॅलिब्रेट करूनही ४५ टक्क्यांचाच राहतो.

केबलकडे कुणाचं लक्ष जात नाही. नवा ४के मॉनिटर जुन्या एचडीएमआय १.४ च्या जोडणीवर लावला तर तो सेकंदाला ३० चित्रंच दाखवतो. दर चित्राला ३३ मिलिसेकंद, आणि पेन जड झाल्यासारखं वाटतं. एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्टवर ६० मिळतात. दुसरं दुखणं म्हणजे कार्ड मॉनिटरला टीव्ही समजून ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढ्याच छटा पाठवतं. काळा राखाडी होतो आणि सगळ्या चित्रावर धुकं पसरल्यासारखं दिसतं. कार्डाच्या सेटिंगमध्ये आउटपुट रेंज ‘फुल’ करून आरजीबी निवडलं की धुकं जातं. काळ्यावर बारीक लाल अक्षरं लिहून बघावीत. ती पुसट, कडेने ओघळल्यासारखी दिसली तर रंगाची माहिती कापून येतेय, म्हणजे ४:४:४ (पूर्ण माहिती) ऐवजी ४:२:२ किंवा ४:२:० चालू आहे. मॉनिटर बदलायची गरज नाही, केबल किंवा सेटिंग बदलायचं.

पेन टॅब्लेटच्या डब्यावर दाबाच्या पातळ्या ठळक छापतात : ८,१९२, त्याहून जास्त. २,०४८ च्या पुढचा फरक हाताला कळणं कठीण. हाताला कळतं ते वेगळंच : किती हलक्या स्पर्शाला रेघ सुरू होते. काही पेनांना रेघ उमटायलाच जोर द्यावा लागतो, तिथे फिकट शेडिंग जमत नाही, मग पातळ्या कितीही असोत. हा आकडा सहसा डब्यावर नसतो, म्हणून पेन हातात घेऊन, फक्त त्याच्या वजनाने, टॅब्लेटवर ओढून बघावं. दुसरी परीक्षा पट्टीची. टॅब्लेटवर तिरकी पट्टी धरून अगदी सावकाश रेघ ओढायची, स्मूदिंग शून्यावर. रेघ नागमोडी आली तर ती टॅब्लेटची खोड आहे. भरभर ओढल्यावर ती लपते, म्हणून दुकानात लक्षात येत नाही. लॅपटॉपचा चार्जर किंवा मोबाइल टॅब्लेटला खेटून ठेवला असेल तर तो आधी दूर करून पुन्हा बघावं, कारण बिनबॅटरीचं पेन विद्युतचुंबकीय अनुनादावर चालतं आणि शेजारचा गोंधळ त्यात मिसळतो.

वर्तुळ अंडाकृती येतं, ही नवशिक्यांची तक्रार हाताची नसून मापाची असते. टॅब्लेट १६:१० आणि पडदा १६:९, किंवा टॅब्लेट एकच आणि पडदे दोन. बाटलीचं झाकण टॅब्लेटवर ठेवून त्याच्या कडेने पेन फिरवावं. पडद्यावर गोल आलं तर ठीक. नाही आलं तर टॅब्लेटच्या ड्रायव्हरमध्ये (टॅब्लेट चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) प्रमाण कायम ठेवण्याची खूण करावी आणि टॅब्लेट एकाच पडद्याला जोडावा.

पेनाचा दाब अचानक गायब होतो, त्यावर लोक थेट नवा टॅब्लेट घेतात. थांबावं. ड्रायव्हरच्या स्वतःच्या खिडकीत दाब तपासण्याची जागा असते. तिथे दाब दिसतोय आणि प्रोग्रॅममध्ये नाही, तर भांडण विंडोज इंक आणि विनटॅब या पेनाचा दाब प्रोग्रॅमला कळवण्याच्या दोन पद्धतींमधलं आहे. ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम दोन्हींत एकच पद्धत निवडावी. क्रितामध्ये टॅब्लेट सेटिंगमध्ये हा पर्याय समोरच आहे. ड्रायव्हरच्या खिडकीतही दाब नसेल तर टॅब्लेट काढावा, आधीच्या सगळ्या टॅब्लेटचे ड्रायव्हर उडवावेत (दोन कंपन्यांचे ड्रायव्हर एकत्र सुखाने नांदत नाहीत), मशीन पुन्हा सुरू करावं, एकच ड्रायव्हर टाकावा आणि टॅब्लेट हबमध्ये न लावता थेट पोर्टला लावावा. निब (पेनाचं टोक) एका बाजूने झिजून कडेला धार आली की ती लगेच बदलावी. निब स्वस्त, पृष्ठभागावरचा ओरखडा कायमचा. पडद्यावरच काढायचा टॅब्लेट असेल तर काच आणि पॅनेल चिकटवलेले आहेत का ते बघावं. मध्ये फट असली की टोक एकीकडे आणि रेघ दुसरीकडे. अशा टॅब्लेटवर रेखाटन करावं, अंतिम रंग मात्र मुख्य मॉनिटरवर पाहूनच ठरवावेत.

मशीन आधीच घरात असेल तर पैसे कुठे घालायचे याचा निकाल १० मिनिटांत लागतो. आपली सर्वांत जड फाइल उघडावी, शेजारी विंडोजच्या टास्क मॅनेजरचं परफॉर्मन्स पान ठेवावं आणि जिथे अडतं तीच क्रिया करावी. रॅम ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्क १०० वर चिकटलेली, तर रॅम. प्रोसेसरच्या आलेखावर उजवी क्लिक करून कोर वेगवेगळे दाखवायला सांगावं. एकच कोर टोकाला आणि बाकी निवांत, तर जास्त कोरांच्या प्रोसेसरने काही साधणार नाही. ग्राफिक्सचा आलेख टोकाला किंवा त्याची मेमरी पूर्ण भरलेली, तरच कार्ड. आणि सगळे आलेख शांत असताना काम अडत असेल तर शंका ड्रायव्हर, केबल किंवा सेटिंगवर घ्यावी.

संपादक महोदय, विनंती एवढीच. खरेदी मार्गदर्शनाच्या तक्त्यांत प्रोसेसर, कार्ड आणि डिस्क यांच्या शेजारी आणखी चार रकाने असावेत : पडद्याची एसआरजीबी व्याप्ती, रॅम नंतर वाढवता येते की डाग दिलेली, कार्डाची वॅट मर्यादा, आणि दहाव्या मिनिटाचा वेग. पहिल्या तिन्हींची माहिती उत्पादकाच्या तपशीलपत्रात बहुधा मिळते. चौथ्यासाठी एकच जड रेंडर १० मिनिटं लागोपाठ चालवावं लागेल आणि पहिल्या व शेवटच्या फेरीचे सेकंद शेजारी शेजारी छापावे लागतील.

आपले,
डिजिटल चित्रण व छपाईपूर्व कामातले काही वाचक